इनक्युबेटरवरचं कुंकू

आमच्या विभागात नव्यानं आलेल्या मुलांना पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट कळायची. सरांना 'कसे आहात?' असं विचारायचं नाही. कारण ते सांगायचे. झोप कधी लागली, पहाटे पोटरीत गोळा आला तो कुठल्या पायाच्या, सकाळी पोट साफ झालं की नाही, सगळं नीट आठवून सांगायचे. विचारणाऱ्याची बस निघून जायची. 'बरा आहे' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. एकदा तापात असताना शिपायानं सहज विचारलं, तर त्याला म्हणाले, "बरा नाही. पण तुला ऐकायला वेळ आहे का, ते आधी सांग."

मी मात्र रोज विचारायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मोठ्या माणसांशी इंग्रजीत काय बोलतात ते मला येत नव्हतं. विचारपूस तेवढी येत होती, तीच करत राहिले. सरांनी मला त्यांच्या प्रयोगशाळेत घेतलं ते बहुधा यामुळेच. मार्कांमुळे घेतलं नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलं होतं.

"कुठली तू?" त्यांनी विचारलं होतं.

"केमची, सर. करमाळा तालुका."

"घरी मासे खातात?"

"नाही, सर. माळकरी आहोत."

"इथं माशांच्या खवल्यांवर काम आहे. हात लावशील?"

"हो, सर."

"खरं सांग."

मी खाली बघितलं. "नाही लावणार बहुतेक."

"बरं झालं. मग शिकशील," ते म्हणाले. "लगेच हो म्हणणारे दिवाळीच्या आत पळतात."

सर सोलापूरचेच, पूर्व भागातले. घरी तेलुगू बोलायचे. वडिलांचा हातमाग होता. सरांनी लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हेही कुणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, पण तेवढं ऐकायची कुणाची तयारी नव्हती. खिशात कायम एक तापमापक असायचा. कॅन्टीनमध्ये चहा आला की तो आधी चहात बुडायचा. मग सर थांबायचे, पुन्हा बघायचे आणि एकदाचे प्यायचे. जीभ भाजून घ्यायला आपल्याला दुसरी जीभ मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांचं सगळं काम भाजण्याभोवतीच होतं. अंग खूप भाजलं की कातडी आपोआप भरून येत नाही. मग त्या माणसाच्याच मांडीची कातडी काढून छातीवर किंवा हातावर लावतात. सर म्हणायचे, "डॉक्टर बरोबरच करतात. त्यांच्याकडे दुसरं काही नाही. पण एक जखम भरायची म्हणून दुसरी करायची, हे मला पटत नाही." एवढ्या एका न पटण्यावर त्यांनी सगळी नोकरी काढली.

उजनी धरणातले रोहू-कटला मासे सोलापूरच्या मासळी बाजारात येतात. ते साफ करताना निघणारे खवले लोक फेकून देतात. सर स्टीलचा मोठा डबा घेऊन ते आणायला स्वतः जायचे. मलाही जावं लागायचं. मी ओढणी नाकाला लावून त्यांच्या मागे चार पावलं राहायचे. ओळखीचं कुणी बघू नये म्हणून.

"आले बगा सर," बाजारातल्या मावशी ओरडायच्या. "मास नको, निस्ती सालपटं पायजेत. आवो, येकदा मासळी तरी न्या की घरी."

"मासळीतलं मला काही कळत नाही," सर गंभीरपणे सांगायचे. "मी खवल्यांतला आहे."

मावशी शेजारणीकडे बघून म्हणायच्या, "मांजर बी येवढं गरीब नसतंय बाई."

सर खरंच विचार करायचे आणि म्हणायचे, "मांजर गरीब नसतं."

खवले थंड पाण्यात पुनःपुन्हा धुवायचे. आम्लात मऊ करायचे. त्यांच्यातलं प्रथिन वेगळं काढायचं, ते गोठवायचं आणि गोठलेलंच सुकवायचं. शेवटी हातात उरायची ती एक पांढरी, पापडाहून हलकी, बारीक छिद्रांची चकती. पुस्तकात तिला इंग्रजी नाव आहे. सर तिला मांडव म्हणायचे. दोडक्याच्या वेलाला मांडव लागतो तसा कातडीच्या पेशींनाही लागतो. पेशी त्यावर चढल्या, आतवर पसरल्या, एकमेकींना धरून राहिल्या, की हळूहळू मांडवानं विरघळून जायचं. "काम झाल्यावरही राहिला, तर तो मांडव नाही, अडगळ," असं ते म्हणायचे. मला हे ऐकायला फार आवडायचं, पण माझ्या हातांना मासळीचा वास मारायचा. हॉस्टेलवर माझ्या खोलीतल्या मुलीनं तिची गादी दुसऱ्या भिंतीला लावली होती. मी लिंबू चोळायचे, खोबरेल चोळायचे. फोनवर आई विचारायची, "काय काम असतंय गं?" मी सांगायचे, "केमिकलचं."

आईबद्दल इथं सांगायला हवं. केमला कुंकवाचे कारखाने आहेत. आई त्यातल्या एकात कुंकू चाळायला आणि भरायला जाते. तिच्या तळहातांच्या रेषा लाल आहेत, नखांच्या कडा लाल आहेत, आणि कितीही धुतलं तरी त्या तशाच राहतात. ती ज्याला हात लावील त्याच्यावर बोट उमटतं. माझ्या बारावीच्या गुणपत्रिकेवर तिचं बोट आहे. प्रवेशाच्या वेळी कारकुनानं "हे काय सांडलंय?" असं विचारलं, तेव्हा मी "शाई" म्हणाले होते. ती हॉस्टेलवर आली आणि पाणी प्यायली, की मी ग्लास लगेच धुऊन टाकायचे. तिला वाटायचं, लेक कामसू आहे. तिचे हात काय नि माझे हात काय, दोघींचे कामाचेच होते. मला दोन्हींची लाज वाटायची.

सरांना लाज म्हणून काही ठाऊकच नव्हतं असं विभागातले लोक म्हणायचे. त्यांच्या पेपरात 'मला माहीत नाही' असं लिहिणाऱ्याला अर्धा मार्क मिळायचा. काहीतरी ठोकून लिहिणाऱ्याला शून्य. एका वर्षी एका मुलानं सगळ्या प्रश्नांना 'माहीत नाही' लिहिलं. सरांनी इमानदारीत सगळे अर्धे मार्क दिले आणि शेवटी शेरा मारला, 'इतकं माहीत नसणं बरं नाही.'

तपासणी समिती आली तेव्हाची गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. विभागप्रमुखांनी शेजारच्या कॉलेजातून एक चांगला सूक्ष्मदर्शक दोन दिवसांसाठी मागून आणला होता. त्याच्यावर हार घातला, खाली नवा टेबलक्लॉथ घातला. समितीतल्या बाईंनी सहज विचारलं, "हा कधी घेतला?" प्रमुख तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "घेतला नाही. आणलाय. संध्याकाळी जाणार आहे." विभागाची श्रेणी घसरली. प्रमुखांनी पुढे सरांशी बोलणं टाकलं. सरांना ते बरेच दिवस कळलंच नाही. त्यांना वाटलं, प्रमुखांचा घसा बसलाय.

प्रयोगातही तसंच. एखादी गोष्ट तीन वेळा सारखी आली, तरच ती आली म्हणायची. दोनदा आली तर 'दोनदा आली' म्हणायचं. माझ्याहून मोठा एक पीएचडी करणारा मुलगा आमच्यात होता, आम्ही त्याला दादा म्हणायचो. तो कुरकुरायचा, "सगळं जग दोनवर चालतं, सर."

"म्हणून असं चालतं," सर म्हणायचे.

सरांच्या निवृत्तीआधीचं ते शेवटचं सत्र होतं. निवृत्तीनंतर ती खोली कॉम्प्युटरसाठी द्यायची हे ठरलं होतं. त्याआधी एकच गोष्ट व्हायला हवी होती. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या संस्थेनं सरांचा मांडव पुढे न्यायची तयारी दाखवली होती. आधी प्राण्यांवर, मग परवानगी मिळाली तर माणसांवर. त्यांची अट सरांचीच होती. मांडवाच्या पूर्ण जाडीत पेशी जिवंत वाढल्या आहेत असं तीन वेळा दाखवा, आणि दिवाळीपर्यंत पाठवा. दोनदा आलं होतं. तिसऱ्यांदाचे नमुने इनक्युबेटरमध्ये होते. इनक्युबेटर म्हणजे माणसाच्या अंगाइतकी ऊब धरून ठेवणारं कपाट. बाहेरून लोखंडी दार, आत काचेचं दार, आणि त्याच्या आत झाकणाच्या छोट्या काचेच्या डिश. सर आतल्या पेशींना पाहुणे म्हणायचे. दार उघडायचं असलं तर, "पाहुण्यांना वारं लागू देऊ नकोस," असं बजावायचे. त्या खोलीत जाताना चपला बाहेर काढायच्या, कोपरापर्यंत हात धुवायचे, डोकं झाकायचं आणि हळू बोलायचं.

खंडेनवमीला बाकीच्या विभागांत कॉम्प्युटरला, पंख्याला, झेरॉक्स मशीनला झेंडू आणि हळदकुंकू लागायचं. सरांनी आमच्यासाठी वेगळी सोय काढली होती. नमुने गरागरा फिरवणारं एक यंत्र कधीचं जळून पडलं होतं. ते व्हरांड्यात स्टुलावर ठेवायचं. सगळ्या यंत्रांच्या वतीनं त्याची पूजा. "फुलावर बुरशी असते, कुंकवात पीठ असतं, आणि बुरशीला पीठ आवडतं," असं ते म्हणायचे. "देव आत येऊ शकतो. फूल नाही."

त्या नवमीला आई आली. नवरात्राच्या आधी कुंकवाचा माल जातो, तेव्हा तिला मान वर करायला सवड नसते. नवमीपर्यंत सगळा माल गेलेला असतो. तिला सुट्टी मिळाली, आणि मला न कळवता सकाळच्या गाडीनं ती आली. सोबत धपाटे, शेंगाचटणी आणि कारखान्यातल्या ताज्या कुंकवाची पुडी.

मला तिला हॉस्टेलवर न्यायचं होतं. सरांनी तिला बघितलं आणि स्वतःची खुर्ची दिली. चहा मागवला. चहात तापमापक बुडवला. आई माझ्याकडे बघायला लागली.

"ताई, आता प्या," सर म्हणाले.

"कसं हायसा सर?" आईनं विचारलं. मी डोळे मिटून घेतले. सरांनी सगळं सांगितलं. आईनं पोटरीच्या गोळ्याला कोमट तेल सांगितलं, झोपेला म्हशीचं दूध सांगितलं. सगळं शेवटपर्यंत ऐकून घेणारं माणूस सरांना त्या दिवशी पहिल्यांदाच भेटलं असावं. ते खूश दिसत होते. मी मात्र तिच्या कपाच्या कानाकडे बघत होते. लाल झाला होता.

"ह्या खोलीत काय असतंय?" आईनं आतल्या दाराकडे बोट दाखवलं.

"औषध," मी घाईनं म्हणाले.

सरांनी माझ्याकडे बघितलं. ते काही दुरुस्त करणार तेवढ्यात खाली गॅसच्या टाकीची गाडी आली. इनक्युबेटरला कार्बन डायऑक्साइड वायू लागतो. सर आतल्या खोलीतली रिकामी टाकी ढकलत बाहेर आले, मी दुसऱ्या बाजूनं धरली, आणि आम्ही दोघं खाली गेलो. टाकी उतरवून, तपासून, वर आणायला बराच वेळ लागला. दादा त्या दिवशी आलाच नव्हता. आलो तेव्हा आई खुर्चीत होती तशीच बसलेली होती.

दुपारी मी तिला स्टेशनवर सोडायला गेले. खरं म्हणजे संध्याकाळची गाडीही होती. मीच लवकरची सुचवली. गाडी फलाटाला लागली, तिनं खिडकीची जागा धरली आणि माझा हात धरून म्हणाली, "ते व्हरांड्यातलं मशीन म्हंजी येशीवरचा देव. म्या वळाकलं. खरा देव आत हाय. समदी तितं चपला काडून जात्यात, हात धुऊन जात्यात. म्या बी हात धुतलं, पदर घेतला, आन् व्हरांड्यातल्या ताटातली हळद-फुलं घिऊन आतल्या मशीनला हळदकुंकू लावलं."

"आत म्हणजे?"

"आत म्हंजी आत. काचंला लावलं. आन् त्या बारक्या वाट्या हुत्या, त्येंची झाकणं उचलून चिमूट चिमूट टाकलं. तुज्या सरांचं काम व्हऊ दे म्हनलं."

गाडी हलली. ती हात हलवत राहिली. मी म्हणाले, "बरं केलंस, आई." दुसरं काय म्हणणार.

रिक्षात बसले तेव्हा माझी मान वर होत नव्हती. मला आईचा राग येत नव्हता, आणि तेच फार वाईट होतं. मला तिची लाज वाटत होती. चाळण्या हलवून हलवून मला शिकवणाऱ्या बाईची. आणि लाज वाटतेय म्हणून पुन्हा माझीच लाज.

वर आले तर सर आतल्या खोलीत होते. इनक्युबेटरचं लोखंडी दार उघडं होतं. काचेच्या दारावर आतल्या बाजूनं हळदीचा पिवळा टिळा, त्याखाली कुंकवाचा, आणि बाजूला, दार धरलं असेल तिथं, एक पुरं लाल बोट. रेषांसकट. झेंडूची पाकळी खालच्या पाण्याच्या ताटलीत तरंगत होती. सर एका हातात कापूस आणि दुसऱ्या हातात स्पिरिटची बाटली घेऊन उभे होते. ज्या माणसानं आयुष्यात एक आकडा पुसला नाही, चुकलेल्या आकड्यावरही फक्त एक रेघ मारून तो वाचता येईल असा ठेवला, तो माणूस काच पुसत होता.

"सर, ते आईनं..."

"दिसतंय," ते म्हणाले. "आमच्या घरी आई मागाला लावायची. आतल्या दांड्यांनासुद्धा. धाग्याला रंग लागायचा, मग वडील ती वीत कापून टाकायचे. तिला काही बोलायचे नाहीत." आणि मग तेलुगूत स्वतःशीच काहीतरी बोलले. रागावले की बोलायचे तसं. पण आवाज रागाचा नव्हता.

आम्ही नमुने दुसऱ्या डिशमध्ये हलवले, बुरशीचं औषध घातलं, धुतलं, पुन्हा धुतलं. दोनेक दिवस सरांनी कुणाला जवळ येऊ दिलं नाही. मग मांडवांवर कापसासारखा पांढरा पुंजका दिसायला लागला, आणि त्याच्या मधोमध फिकट गुलाबी. एकही नमुना वाचला नाही.

दादानं डोक्याला हात लावला. "आत गेलं कोण?"

मी तोंड उघडलं. सर माझ्याआधी बोलले. "टाकी काढताना मी दाराला कुलूप लावलं नव्हतं. लिहून ठेव. कुलूप मी लावलं नव्हतं."

"पण सर, आत गेलं..."

"मी विचारलेल्याचं उत्तर देत नाहीये. मी कारण सांगतोय. कारण ते आहे."

दादा म्हणाला, आपण दोनवर पाठवू, तिसऱ्याचं नंतर बघू, त्यांना काय कळतंय. सरांनी पाठवलं. दोनदा आलं, तिसऱ्यांदा आमच्या चुकीनं बिघडलं, असं लिहून पाठवलं. संस्थेचं उत्तर फार सभ्य होतं. तिसऱ्यांदा पुन्हा करा आणि अवश्य पाठवा. पुन्हा करायला नवे खवले, नवे मांडव आणि नव्या पेशी लागणार होत्या. तेवढा वेळ सरांच्या नोकरीत उरला नव्हता.

दिवाळी जवळ आलेली असताना प्रयोगशाळेत माझा फोन वाजला. आई होती. "सरांना इचार की, मशीन कसं चाललंय? कामाचं काय झालं?"

तिचा आवाज मोठा असतो. सरांना ऐकू गेलं. त्यांनी हात पुढे केला. मी फोन दिला, कारण मला वाटलं, ते आता सगळं सांगतील. पोटरीच्या गोळ्यासारखं, नीट आठवून, काही न वगळता. एका अर्थी मला तेच हवं होतं.

"मशीन चालतंय, ताई," सर म्हणाले. "चांगलं चालतंय."

फोन परत देऊन ते बराच वेळ हात पुसत बसले. मग म्हणाले, "मशीन चालतंय, हे खरं आहे."

"हो, सर."

"पण त्यांनी मशीनबद्दल विचारलं नव्हतं."

मी फोन पर्समध्ये टाकला.

"झालेली जखम एक आहे," ते म्हणाले. "दुसरी कशाला करायची? तूही करू नकोस." आणि थोड्या वेळानं, जरा अवघडून, "मला हे जमलं नाही. बोलताना आवाज नेहमीसारखा होता का?"

सर निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात प्रमुख सरांच्या 'बाणेदार सत्यनिष्ठेवर' बरंच बोलले. सर खुर्चीत चुळबुळत होते. त्यांची बोलायची पाळी आली तेव्हा त्यांनी सांगितलं, की सत्यनिष्ठेचं पूर्वी खरं होतं, आता तसं म्हणता येणार नाही. लोक हसले. विनोद आहे असं सगळ्यांना वाटलं. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि माझ्या पायांकडे बघत होते.

पुढे मला पुण्याला एका प्रयोगशाळेत जागा मिळाली. तिथंही मांडवच करतात, तिथलं यंत्र मोठं आणि चकचकीत आहे, आणि खवले कुणीतरी आधीच धुऊन पाठवतं. आम्लात किती वेळ ठेवायचे ते मला विचारतात, मी सरांचं सांगते. गावात माझं कौतुक होतं. शाळेत सत्कार झाला, तेव्हा आई पुढे बसली होती आणि शेजारणीला सांगत होती, "मशीनला कुंकू म्या लावलेलं." मी हातातला पेढा तसाच कागदात गुंडाळला.

यंदा नवमी जवळ आली तशी तिनं हट्टच धरला. सरांना भेटायचं. मशीनला पुन्हा लावायचं. "रिटायर झालं म्हनतीस, मग मशीन कुनाकडं ग्येलं?" मी घाबरून सरांना फोन केला. म्हणाले, "सर, मी तिला सांगते की विभागाला सुट्टी आहे."

"कशाला?" सर म्हणाले. "मशीन माझ्याकडे आहे."

खोली रिकामी करताना जुनी यंत्रं भंगारात काढली होती. सरांनी ते इनक्युबेटर भंगारवाल्याच्या टेम्पोतून उतरवून घरी आणलं होतं. मला माहीत नव्हतं.

"का, सर?"

"त्या विचारणार हे मला माहीत होतं. विचारलं तर खरं सांगता यायला हवं."

सरांचं घर म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत सोफा नाही, पंख्याखाली इनक्युबेटर. वर जुना सोलापुरी टॉवेल अंथरलेला. समोर हिरवे आकडे, सदतीस. दारावर बाहेरच्या बाजूला सुकलेलं, काळपट पडलेलं कुंकू होतं. एकाच वर्षाचं नव्हतं. आई दरवर्षी माझ्याबरोबर पुडी पाठवायची, ती मी मुकाट्यानं सरांना स्टेशनवरच देऊन परत फिरायचे, घरी कधी आले नव्हते. ती कुठं जाते हे मी कधी विचारलं नव्हतं.

"आता ह्यात काय असतंय?" आईनं विचारलं.

"दही," सर म्हणाले. "सदतीसला जरा हळू लागतं, पण चांगलं लागतं. अख्ख्या बिल्डिंगला देतो." त्यांनी लोखंडी दार उघडून दाखवलं. आत काचेचं दार, त्याच्या आत स्टीलच्या वाट्या ओळीनं. काचेच्या दाराभोवतीचं पांढरं रबर एका जागी गुलाबी होतं. स्पिरिटनं काचेवरचं निघतं, रबरात मुरलेलं निघत नाही. मी तिथून नजर काढली.

आईनं मोरीत हात धुतले, पदर घेतला, पुडी सोडली.

"ताई, या वेळी बाहेरून लावा हं," सर म्हणाले.

"मागल्या बारीला आतनं लावलं हुतं की म्या."

"हो. माहीत आहे."

"म्हनून तर अजून चालतंय," आई म्हणाली.

मी सरांकडे बघितलं. कॅन्टीनवाल्यानं चहा गरम आहे म्हटलं तरी त्याला दुरुस्त करणारा हा माणूस. त्यांचे ओठ हलले. मग ते वाकले, आतून एक वाटी काढली आणि आईच्या पुढे ठेवली.

"साखर घालू, ताई?"

"नगं. असंच गोड हाय." तिनं बोटानं वाटीची कड पुसून चाटली. "लई घट लागलंय, सर. आमच्याकडं म्हशीचं बी आसं लागत न्हाय."

सरांचा चेहरा उजळला. हे कौतुक खरं होतं, त्यामुळे त्यांना घेता आलं.

ती खात होती तोवर मी मान खाली घालून बसले होते. तिनं वाटी खाली ठेवली, तशी मी सवयीनं उचलली आणि मोरीकडे निघाले. वाटीवर बाहेरून तिचं बोट उमटलं होतं, लाल, रेषांसकट. मी नळाखाली धरणार तेवढ्यात सरांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि तशीच, न धुता, इनक्युबेटरच्या टॉवेलवर नेऊन ठेवली.

"राहू दे," ते म्हणाले.